गरजेपुरतं बोलणं

"अगं, ऐकलंस का?"

जिन्याखालून हाक यायची. लग्न नवं होतं, आमची खोली कारखान्याच्या माथ्यावर होती, आणि खाली हे दिवसभर लाकडावर रंधा मारत असायचे. मी वर खिडकीशी रफू करत बसलेली. दोरा दातात, मांडीवर कुणाचा तरी कसर लागलेला कोट. तशीच उठून जिन्याच्या तोंडाशी जायचे.

"काय हो?"

"काही नाही. नुसती हाक मारली."

मी वरून रागवायचे, हे खालून हसायचे, आणि रंधा पुन्हा सुरू. त्या रंध्याच्या चालीवर हे ओळी जुळवायचे. कुणी शिकवलं होतं कोण जाणे. ओळ रंध्याच्या फेरीत बसली की ती खरी, नाही बसली तर भुशात गेली, एवढाच यांचा नियम. त्यातली एक माझ्याजवळ अजून जशीच्या तशी आहे:

लाकडाच्या पोटी गाठ असे खोल,
तसा तुझा बोल माझ्या मनी.

माझा बोल यांच्या मनी, यांचा आवाज माझ्या कानी. संसाराला याहून जास्त काय लागतं, असं वाटायचं ते वय होतं.

मग तयार फर्निचरची दुकानं आली. खोक्यात बंद केलेलं कपाट, सोबत पिशवीभर स्क्रू आणि एक चित्र. घरी न्या, तुमचं तुम्ही जोडा. लोकांनी जोडलं. कारखान्यातली बरीच माणसं घरी बसली, यांचं काम निम्म्यावर आलं. आम्ही वरची खोली सोडली आणि लांबच्या एका गल्लीत, जिथं भाडं कमी तिथं, राहायला आलो. लेक तेव्हा नर्सिंगच्या शिक्षणाला लागलेली. तिला आम्ही मिरची म्हणायचो, कारण बोलायला लागल्यापासून ती एक वाक्य साधं बोलली असेल तर शपथ.

एका सुट्टीच्या दुपारी यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "आजपासून घरात एकच प्रश्न. कुणालाही काहीही घ्यायचं असलं, की आधी विचारायचं, अडतं का?"

"म्हणजे?" मिरचीनं विचारलं.

"म्हणजे त्याच्यावाचून काही अडतं का? अडत असेल तर ती गरज. नसेल अडत तर हौस. आणि हौसेला आपल्या घरात सध्या बसायला खुर्ची नाही."

"सुताराच्या घरात खुर्ची नाही! ऐका हो ऐका!"

हे हसले. मीही हसले. नियम असा ठरला, की मागणाऱ्यानंच निकाल द्यायचा. यांचं म्हणणं, दुसऱ्यानं नाही म्हटलं तर भांडण होतं, आपलं आपण म्हटलं तर नुसता एक आवंढा. आणि आवंढ्याला खर्च नाही.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मजा यायची. टंचाईला नियम लावला की ती खेळासारखी वाटते. दर सुट्टीला दुपारी आमचं न्यायालय भरायचं. वासाचं तेल गेलं. दुपारचा दुसरा चहा गेला. टीव्हीचे चॅनेल गेले. पंख्याचं बटण तुटलं, तर त्याच्यावाचून अडत नाही असं ठरलं, कारण पक्कडीनं तो फिरायचा. यांनी सिगरेट सोडली, तीही एका दिवसात, कुणाला न सांगता. मिरचीनं छत्री मागितली तेव्हा स्वतःच उभी राहून म्हणाली, "छत्रीवाचून माझं काही अडत नाही. पण छत्रीनं पाऊस अडतो. आता बोला!" छत्री मंजूर झाली. त्या दिवशी शेजारीणबाई दारात येऊन विचारून गेल्या, की आज काय विशेष, एवढं हसताय ते.

माझा डावा कान कधी गेला ते मला कळलंच नाही. पाहुणा निरोप घेऊन जातो, कान तसा जात नाही. मी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत रफूचं काम करते. पुढं कपडे येतात, फाटका असेल तो मागं माझ्याकडे. पुढून मालकीणबाई हाक मारायच्या, मी मान वर करायचे नाही. शेवटी त्यांनी मोज्यांचा बोळा फेकून मारायची पद्धत सुरू केली. एकदा तो बोळा माझ्या चहात पडला, आणि त्यांनीच मला कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टर म्हणाले, डावा गेलेला आहे, उजवा जाण्याच्या वाटेवर आहे. उजव्याला यंत्र लावलं तर बोलणं नीट कळेल.

त्या सुट्टीला न्यायालय भरलं तेव्हा मी म्हटलं, "मला कानाचं यंत्र सांगितलंय."

मिरची माझ्याकडे बघायला लागली. हे हाताच्या पंजाकडे बघत बसले. विचारलं कुणीच नाही, पण प्रश्न तिथं होता, ताटांच्या मधोमध ठेवल्यासारखा. मी उत्तर शोधायला लागले. सुई काही कानानं चालत नाही. स्वयंपाक कानानं होत नाही. झाडू, भांडी, धुणं, यातलं काहीच कानावाचून थांबत नाही. आणि मिरचीच्या फीची तारीख तर डोक्यावर आलेली.

"तसं अडत नाही," मी म्हटलं.

"आई!"

"अगं नाही अडत. हात चालतात, डोळे चालतात. आणखी काय हवं?"

तेव्हा हे उठले. आपली बैठक उचलून माझ्या उजव्या अंगाला आणून ठेवली आणि कानाशी वाकून म्हणाले, "मी आहे की! यंत्र कशाला? मी बोलेन मोठ्यानं. जगात जे जे बोललं जाईल, ते ते तुला सांगेन. माझा आवाज फुकट आहे. बॅटरीसुद्धा घालायला नको."

मिरची काहीतरी पुटपुटली. मला ती ऐकू आली नाही, आणि मी विचारलंही नाही. मी यांच्याकडे बघत होते. खरं सांगते, यंत्र हातात आलं असतं तरी एवढी सुखावले नसते. यंत्र सगळ्यांचं ऐकवतं. मला एकाचं पुरे होतं.

पहिले दिवस यांनी शब्द पाळला. शेजारच्या घरातलं भांडण मला आवाज बदलून बदलून ऐकवलं. मिरचीच्या मैत्रिणी आल्या तर त्यांच्या गप्पांचा सारांश, वर आपलं तिखटमीठ. रस्त्यानं चालताना माझ्या उजव्या बाजूला चालायचे, गर्दीत बाजू बदलली तर धावत फिरून पुन्हा उजवीकडे यायचे. मग काय झालं, कधी झालं, सांगता येणार नाही. सुती कापड विरतं तसं झालं. रोज धुता, रोज वापरता, आणि एक दिवस उजेडात धरलं की पलीकडचं दिसतं.

"काय म्हणाली हो ती?"

"काही विशेष नाही."

"का हसलात?"

"असंच."

"सांगा ना."

"अगं, सांगण्यासारखं नव्हतं."

पुढं पुढं तेवढंही राहिलं नाही. जेवायला वाढ. गॅस बंद कर. दार लाव. भाडं दिलं. एवढी चार-दोन वाक्यं मला नीट, मोठ्यानं, उजव्या कानात मिळायची. मिरची दिवसभर कॉलेजात नाहीतर वॉर्डात, घरात आम्ही दोघंच, आणि हे भिंतीकडे बघत जेवायचे. मला उमगलं ते असं: 'अडतं का' हा प्रश्न आता बोलण्यालाही लागू झाला होता. बायकोला हे सांगितलं नाही तर काही अडतं का? नाही ना? मग राहू दे.

पण यांचा राग नाही आला. वाटायचं, माणूस दमतो. काम कमी, काळजी जास्त, बोलण्याची हौस टिकणार कशी? जे उरलंय ते आपण जपावं.

रफूचं एक असतं. भोकाला बाहेरचा दोरा चालत नाही, कितीही जुळता रंग आणा, डोळ्याला खुपतोच. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून दोरा उसवून काढायचा आणि तो भोकावर विणायचा. बोलण्याचंही मी तसंच करायला लागले. एक शब्द कळायचा, दुसरा नाही. मग मागच्यापुढच्या बोलण्यातून धागा ओढून मधलं भोक भरायचं. बहुतेकदा जमायचं. कधी भलतंच विणलं जायचं. यांनी जेवताना मीठ मागितलं, मी पिठाचा डबा आणून पुढ्यात ठेवला. मिरची दारातून ओरडली, "आई, परीक्षा आली!" आणि मी तिची पिशवी घेऊन रिक्षा थांबवायला खाली रस्त्यावर धावले. दोघं हसून हसून लोळली. मीही हसले. घरातलं हसू घरात, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं?

त्या दिवशी हे चष्मा घरी विसरले. टेबलावर, वर्तमानपत्राच्या घडीखाली. पटाशी चालवणाऱ्या माणसाचं चष्म्यावाचून मात्र अडतं, बोट जायचं एखादं. मी मालकीणबाईंना खुणेनं सांगितलं आणि निघाले. कारखान्याकडे कितीतरी दिवसांत गेले नव्हते. वाटेत चाव्या करणाऱ्याचं दुकान तसंच होतं, पंक्चरवाल्याची टायरांची रास तशीच होती. कोपरा वळला आणि लाकडाचा वास आला. नाकाला अजून सगळं ऐकू येत होतं.

कारखान्याचं मोठं दार उघडं होतं. चहाची सुट्टी असावी. चार-पाच माणसं पेले घेऊन ओंडक्यांवर, फळ्यांवर बसलेली, आणि मधोमध हे उभे. हातात पटाशी, आणि तोंड चालू. थांबतच नव्हतं. भुवया चालत होत्या, खांदे चालत होते, पटाशी हवेत चालत होती.

माझं पहिलं मन सांगू? आनंद झाला. वाटलं, आहे, अजून आहे यांच्यात बोलणं, संपलेलं नाही. मी दाराच्या बाजूला थांबले, चोरून बघावं म्हणून. नव्या लग्नात जिन्यावरून बघायचे तशी.

मग यांनी पटाशी खाली ठेवली. मान पुढं काढली, थोडी उजवीकडे वळवली. तळहात कानामागं नेला. डोळे बारीक केले, तोंड अर्धवट उघडं टाकलं. मग एकदम सगळं समजल्यासारखी मान हलवून, आखूड आखूड पावलं टाकत लगबगीनं फळीपाशी गेले, खिळ्यांचा एक डबा उचलला आणि तो दोन्ही हातांनी, मोठ्या मानानं, एका माणसापुढं आणून ठेवला. त्या माणसाच्या पेल्यातला चहा हिंदकळला. दुसरा फळीवर आडवा झाला.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही. गरजच पडली नाही. आरशातसुद्धा मी स्वतःला इतकी नीट कधी पाहिली नव्हती.

पॉलिशवाल्यानं मला आधी पाहिलं. म्हातारा माणूस, मनानं साधा, आवाज ढोलासारखा. माझ्या कानाला जे दोन-तीन आवाज अजून पोचतात, त्यात त्याचा एक.

"अरे, वहिनी! या, या! अहो रेडिओ, तुमचं माणूस आलंय बघा!"

"रेडिओ?" मी विचारलं.

"मग काय तर! सकाळी आला की सुरू, संध्याकाळी जाईपर्यंत बंद नाही. आम्ही म्हणतो, घरी वहिनी कशा सहन करतात! डोकं उठत असेल तुमचं." त्यानं हातातल्या चिंधीनं डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं. "आणि ओळी काय जुळवतो! ती परवाची तुम्ही ऐकली असेलच."

कुणीतरी त्याची बाही ओढली. त्याला वाटलं, थट्टेनं ओढली. तो रंगात आला आणि हातानं हवेत रंधा मारत, मला ओळ नीट कळावी म्हणून अगदी शब्द सोडवून सोडवून म्हणाला:

मागितलं मीठ, आणलं गं पीठ,
कानामध्ये वीट कुणाची गं?

चाल तीच. माप तेच. माझ्या ओळीतली गाठ काढून तिथं वीट बसवली होती. सुतार मोठा कसबी, सांधा कुठं दिसत नव्हता.

बाकीची माणसं पेल्यात बघायला लागली. हे पुढं आले, माझ्या हातातून चष्मा घेतला. ओठ हलले. अगदी थोडे.

"काय म्हणालात?" मी विचारलं, आणि माझा तळहात आपोआप कानामागं गेला.

तसा तो हात मी तिथंच धरून ठेवला. खालीही आणता येईना. म्हाताऱ्या पॉलिशवाल्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं, माझ्या हाताकडे बघता बघता. त्याला तेव्हा कळलं. मग मी वळले आणि चालू लागले.

रस्ताभर एकच विचार. दुसरी बाई असती तर बरं होतं. तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या, चार माणसं माझ्या बाजूनं बोलली असती. यांनी तर काहीच केलं नव्हतं. बोलले होते, एवढंच. पण ते बोलणं माझं होतं. यंत्राच्या बदल्यात मला लिहून न देता दिलेलं. माझ्या वाटणीचं ते बोलणं हे रोज डब्यासोबत घेऊन जायचे, तिथं मुठीमुठीनं वाटायचे, आणि रिकामा डबा घेऊन माझ्यापुढं गप्प बसायचे. वाटायला माल कुठला? तोही माझ्याच घरातला. मीच.

त्या दुपारी माझ्या हातून एका कोटाची रफू उठून दिसली. मालकीणबाईंनी ती उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवली. मी उसवली आणि पुन्हा केली.

संध्याकाळी हे वेळेआधी घरी आले. मिरचीही आलेली होती, टेबलावर पुस्तकं पसरून. यांनी खिशातून काहीतरी काढून माझ्यापुढं ठेवलं. वासाच्या तेलाची बाटली.

"ह्याच्यावाचून अडलं होतं का काही?" मी विचारलं.

मिरचीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "काय झालं?"

"काही विशेष नाही," मी म्हटलं.

ती यांच्याकडे बघायला लागली. यांनी हळू आवाजात तिला काहीतरी सांगितलं. तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बाबांची गंमत गं, त्यात काय. पण तिचा हात पेनावर गच्च झाला. मग तिनं असं काही विचारलं की यांनी मान खाली घातली.

"मोठ्यानं बोला," मी म्हटलं. "दोघंही. माझ्या डोक्यावरून नको."

"शेजारी ऐकतील," हे म्हणाले. ओठांवरून कळलं.

"ऐकू देत. त्यांना फुकटात ऐकू येतं."

मी तेलाची बाटली उचलून पुन्हा यांच्या हातात दिली. "उद्या मी यंत्र घेणार आहे. माझ्या रफूच्या पैशातून. विचारत नाही, सांगतेय."

"घे," मिरची म्हणाली. तिनं ते ओरडून सांगितलं, आणि तिचे डोळे भरून आले. "तेव्हाच घ्यायला हवं होतं. मी तेव्हाच बाबांना म्हटलं होतं, फी उशिरा भरते, मॅडमना विचारते. बाबा म्हणाले, आईलाच नको आहे तर कशाला जबरदस्ती."

मी यांच्याकडे पाहिलं.

"गंमत होती गं," हे म्हणाले. आता मोठ्यानं, माझ्या उजव्या कानाशी येऊन. "तिथं वेळ जात नाही. काम नसतं. माणसं तोंड पाडून बसतात. तेवढंच हसतात बिचारी."

"हसू देत. पीठ मी आणलंच होतं. त्याचं मी विचारत नाही." माझा आवाज किती मोठा होतोय ते मलाच कळत नव्हतं. "मला एवढंच सांगा. तिथं दिवसभर रेडिओ. आणि इथं? मला वाटायचं तुम्ही दमता. अहो, मी तुमची कीव करत होते. तुम्ही गप्प जेवायचात तेव्हा मी पातेल्याचं झाकणसुद्धा अलगद ठेवायचे, तुमच्या डोक्याला त्रास नको म्हणून. ज्याचा आवाज मला ऐकू येत नाही ते झाकण!"

मिरची उठली आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

"मोठ्यानं बोललं की साधं बोलणंही भांडणासारखं वाटतं," हे म्हणाले.

"हं."

"घसा बसतो. दिवसभर भुसा जातो घशात."

"आणि त्याच घशानं तिथं ओळी जुळवता. अहो, मी आयुष्यभर रफू करतेय. बाहेरचा दोरा मला कळत नाही का? उसवा, आणि आतला काढा."

यांचा बाटलीशी चाळा सुरू झाला. बाटली एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून पहिल्यात. मग ती जमिनीवर ठेवली, आपली बैठक ओढून माझ्या उजव्या अंगाला घेतली आणि बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, पण मोठ्यानं.

"तिथं मी कुणीतरी असतो. माणसं वाट बघतात, मी आलो की सरकून जागा देतात. घराचं दार उघडलं की ते सगळं उतरतं. हा पंखा पक्कडीनं फिरवायचा. तुझी बोटं, सुईनं चाळणी झालेली. तुझ्याकडे बघून काही बोलायला गेलो की जे जे देऊ शकलो नाही तेच तोंडाशी यायचं. ते बोलायचं नव्हतं. मग दुसरं शोधायचं, आणि ते सापडायचं नाही. आणि तू विचारायचीस, काय झालं, का गप्प, काय म्हणालात. प्रेमानंच विचारायचीस, मला कळत नव्हतं का? पण मला ते हिशेब मागितल्यासारखं वाटायचं. हा नियमसुद्धा मी त्यासाठीच काढला. कुणी माझ्याकडे काही मागू नये. आपलं आपण नाही म्हणावं. मला ते तोंड दिसू नये."

"म्हणून यंत्र नको होतं?"

यांनी जमिनीवरची बाटली थोडी बाजूला सारली.

"मी म्हटलं, अडत नाही. ते खरं वाटलं तुम्हाला?"

"नाही," हे म्हणाले. "अडतं हे मला माहीत होतं. तू बोलायच्या आधीपासून. तुला डावीकडून हाक मारून मीच पाहिलं होतं, दोन-तीनदा. तू वळली नाहीस."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

मिरची खिडकीपाशी वळून उभी होती. शेजारच्या घरात कुणीतरी बोलता बोलता थांबलं असावं, कारण ती भिंतीकडे बघून मग यांच्याकडे बघायला लागली. हे मात्र थांबले नाहीत. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. आवाज तोच ठेवला, मला पुन्हा विचारावं लागणार नाही एवढा.

"तुला ऐकू येईनासं झालं ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं."